रस्सी ओढून खांदे दुखले, पण जनरेटर काही चालू होत नाही

प्रश्न : नमस्कार काका, आमचं दिवेआगरला छोटं होमस्टे आहे, चार खोल्या आणि घरगुती जेवण. पावसाळा जवळ आला की लाईटचं टेन्शन सुरू होतं, २०२० च्या निसर्ग वादळानंतर किती दिवस अंधारात काढले ते आठवलं तरी नको वाटतं. म्हणून गेल्या महिन्यात माणगावच्या एका मांडववाल्याकडून जुना २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर १४ हजाराला घेतला. तो म्हणाला दोन सीझन वापरला नाही पण चालू कंडिशन आहे. टाकीत थोडं पेट्रोल होतं, त्यातच नवीन २ लिटर टाकलं आणि मिस्टर आणि मुलगा आळीपाळीने रस्सी ओढून थकले, एकदाही आवाज नाही. मेकॅनिकने नवीन प्लग टाकला तरी नाही. मग त्याने प्लगच्या भोकात थोडं पेट्रोल टाकून रस्सी ओढली तर चार-पाच सेकंद धडधडला आणि बंद, परत टाकलं परत तसंच. आता तो म्हणतो कॉईल गेलीय नाहीतर इंजिन खोलावं लागेल, साडेतीन हजार होतील. करू का? आणि चालू झाला की स्वयंपाकघरामागच्या पडवीत ठेवला तर चालेल ना, पावसात भिजायला नको म्हणून.
— एक वाचक, ता. श्रीवर्धन

उत्तर : ताई, साडेतीन हजार आत्ता देऊ नका, आणि पडवीत अजिबात ठेवायचा नाही, त्याचं पुढे सविस्तर सांगतो.

तुमच्या पत्रातच उत्तर आहे. इंजिनला चालायला पेट्रोल, ठिणगी आणि दाब एवढं लागतं. भोकातून पेट्रोल दिल्यावर तो चार-पाच सेकंद चालला म्हणजे ठिणगी पडतेय, ती तयार करणारी कॉईल जिवंत आहे, दाबही चालण्यापुरता आहे. वरून दिलेलं पेट्रोल जळून संपलं की बंद पडतोय, म्हणजे टाकीतलं पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाहीये. कॉईल बदलून काय होणार? खात्री करायची असेल तर चोक लावून वीसेक वेळा रस्सी ओढा आणि प्लग काढून बघा, कोरडा ठणठणीत निघेल. ओला निघाला असता तर मी वेगळं बोललो असतो. आणि ते भोकात पेट्रोल टाकणं आता बंद करा, एकदा तपासायला ठीक आहे पण परत परत केलं तर भडका उडायची भीती असते.

फक्त एक शंका आधी काढून टाकू, ती म्हणजे ऑईल. या मशीनमध्ये बहुतेक वेळा ऑईलचा सेन्सर असतो, ऑईल कमी असलं की तो ठिणगीच तोडतो, आणि कधीकधी इंजिन दोन-चार सेकंद चालून बंद पडतं ते त्याच्यामुळेच, हुबेहूब तुमच्यासारखं. उतारावर किंवा वाकडा ठेवला तरी हेच होतं. तेव्हा जनरेटर सपाट लादीवर ठेवा, ऑईलचं झाकण उघडा, ऑईल तोंडाच्या काठापर्यंत दिसायला हवं. या साईझच्या इंजिनात साधारण अर्धा-पाऊण लिटर लागतं, १०डब्ल्यू-३० घ्या. जुनं काळंकुट्ट असेल तर बदलूनच टाका. ऑईलला पेट्रोलचा वास येत असेल तर नक्कीच बदला, कार्बोरेटरमधून, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनला देणाऱ्या भागातून, पेट्रोल खाली गळलेलं असतं.

ऑईल बरोबर आहे आणि तरीही तसंच होतंय, मग कार्बोरेटर. पहिली चूक टाकीत झाली आहे, जुन्यावर नवीन ओतलं. दोन सीझन पडलेलं पेट्रोल म्हणजे पेट्रोल राहिलेलंच नसतं, हलका भाग उडून जातो आणि मागे वार्निशसारखा चिकट थर राहतो. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणातली हवा तर तुम्हाला माहितीच आहे. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळं बसतं आणि पेट्रोल सोडायचा कॉक तळालाच असतो, म्हणजे इंजिनला पहिलं तेच जाणार. टाकी पूर्ण रिकामी करा, नवीन दोन लिटर गेले म्हणून हळहळ वाटेल पण काढाच. काढलेलं काचेच्या बरणीत धरून बघा, खाली थर दिसतो का. वासही घ्या. मांडववाल्यांकडची जुनी मशीन पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर पळवायचीही असायची, त्या जातीतली असेल आणि कार्बोरेटरच्या वाटीत रॉकेल राहिलं असेल तर थंड इंजिन काही केल्या पेटणार नाही.

आता ताजं पेट्रोल लिटरभर टाका, कॉक उघडा आणि कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला जो ड्रेनचा स्क्रू असतो तो सैल करून खाली डबा धरा. इथेच कळतं कुठे अडलंय. धार आलीच नाही किंवा थेंब थेंब येऊन थांबली तर अडचण वाटीच्या आधी आहे : टाकीचं झाकण सैल करून बघा, झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीतून पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल केल्यावर धार आली तर भोक साफ करा, काम झालं. नाही आली तर कॉकची जाळी काढून धुवा. तरीही नाही तर वाटीतल्या फ्लोटची, म्हणजे तरंगत्या गोळ्याची, पेट्रोल सोडणारी-थांबवणारी सुई चिकटलेली असते, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच टकटक करा, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटते.

पण मला वाटतं तुमच्याकडे धार व्यवस्थित येईल, आणि मग दोष जेटमध्ये, म्हणजे ज्या बारीक भोकातून पेट्रोल इंजिनकडे जातं त्यात. कॉक बंद करून वाटीचा खालचा नट काढा, बऱ्याच इंजिनांना दहाचा पाना लागतो, वाटी खाली येते. आत पिवळट चिकट थर किंवा पांढरी बुरशीसारखी पावडर दिसली तर चोर सापडला म्हणून समजा. मधोमध पितळेचा जेट असतो, त्याचं भोक सुईच्या अग्राएवढंच, ते उजेडाकडे धरून आरपार दिसलं पाहिजे. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, डोळ्याला चष्मा लावा, आणि बुजलेलं असेल तर जुन्या वायरमधली तांब्याची एकच तार घालून फिरवा. टाचणी किंवा ड्रिल बिट घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पिणार. जेटच्या वर बारीक भोकांची नळी असते तीही काढून साफ करायची, लोक जेट साफ करतात आणि नळी तशीच ठेवतात आणि मग म्हणतात साफ करूनही चालू होत नाही. वाटीच्या रबरी रिंगवर स्प्रे उडू देऊ नका, फुगते आणि परत बसत नाही. स्वतः जमणार नसेल तर त्याच मेकॅनिकला सांगा, माणूस चुकला म्हणून वाईट नाही, फक्त कॉईलचं नाही तर कार्बोरेटर साफ करायचं काम द्या.

चालू झाल्यावर चोक हळूहळू सोडा, पाच मिनिटं लोड न लावता चालू द्या, मग फ्रीज जोडा, पण फ्रीज आणि पंप एकदम नको, मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते. पावसाळ्यानंतर ठेवून देताना टाकी रिकामी करायची आणि कॉक बंद करून तो आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचा, म्हणजे वाटी कोरडी होते.

आता पडवी. धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, त्याला वासही नसतो, तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. दार-खिडक्या उघड्या असल्या तरी भरवसा नाही. तुमच्याकडे पाहुणे मुलाबाळांना घेऊन झोपलेले असतात, म्हणून हात जोडून सांगतो, घरापासून निदान वीस फूट लांब, सुपारीच्या वाडीत चारही बाजूंनी उघडी पत्र्याची छपरी करा आणि सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला ठेवा. पेट्रोल भरताना बंद करून थंड होऊ द्या. आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसून अख्खं घर चालवायचा प्रकार कुणी सुचवला तर ऐकू नका, तो करंट मीटरमधून उलटा जाऊन ट्रान्सफॉर्मरवर चढतो आणि पलीकडे ११ हजार व्होल्ट होतात, वादळानंतर खांबावर चढलेला महावितरणचा पोरगा त्यात जातो. वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे घर एका वेळी लाईनला नाहीतर जनरेटरलाच जोडलेलं राहतं.

प्रश्न : काका, माझा जुना जनरेटर एका हाकेत चालू होतो पण बल्बच लागत नाही, व्होल्टमीटर शून्य. वर्षभर शेतावरच्या खोलीत पडून होता. आता भंगारात देऊ का?
— एक वाचक, जि. लातूर

उत्तर : नका देऊ दादा. आधी पॅनेलवरचा ब्रेकर पूर्ण खाली करून परत वर करा आणि दुसऱ्या सॉकेटवर बल्ब लावून बघा, एवढंच निघतं पुष्कळदा. ते नसेल तर वर्षभर पडून राहिल्याने रोटरमधली उरलेली चुंबकशक्ती गेली असणार, करंट तयार व्हायची सुरुवात तिच्यापासूनच होते. ब्रश असलेल्या मशीनला १२ व्होल्टच्या बॅटरीने क्षणभर करंट देऊन ती परत आणता येते, पण त्याआधी एव्हीआरची, म्हणजे व्होल्टेज सांभाळणाऱ्या सर्किटची, पिन काढावी लागते आणि प्लस-मायनस उलटं झालेलं चालत नाही, म्हणून ते वाइंडिंगवाल्याकडूनच करून घ्या. ब्रश नसलेलं मशीन असेल तर त्याला आधी कपॅसिटर तपासायला सांगा, तो गेला तरी व्होल्ट शून्यच दाखवतो, आणि मशीन बंद असतानाही त्याला हात लावू नका, आत चार्ज राहिलेला असतो. व्होल्ट वाढवायला म्हणून गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा, स्क्रू फिरवला असेल तर तेही सांगा त्याला, साधं मशीन मिनिटाला ३००० फेऱ्यांवरच ५० हर्ट्झ देतं, ते त्याला परत मोजून बसवावं लागेल.