सुई बाळाला, घाम आईबापाला

मागच्या अंकात बाळाच्या पहिल्या लशींबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. गंमत म्हणजे निम्म्या पत्रांत लशीबद्दल फारसं काही नाहीच, घरातल्या माणसांबद्दल आहे. कोण काय म्हणालं, कोण रुसलं, कोणी कोणता व्हिडिओ पाठवला वगैरे. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे सारखे आलेले प्रश्न निवडलेत.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी सात आठवड्यांची आहे, पहिले डोस अजून दिलेले नाहीत. सासूबाई म्हणतात एवढ्याशा जिवाला सुया कशाला. नणंदेच्या मुलाला डोस दिला त्या रात्री तो तापाने फणफणला होता आणि इतका रडला की सगळं घर जागं होतं, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. नवरा म्हणतो तू काय ते ठरव. आता मी ठरवलं आणि तिला काही झालं तर ते आयुष्यभर माझ्या माथी. नाही दिली तर निदान मी तर काही केलं नाही ना? असा विचार करणारी मी मूर्ख आहे का?

अजिबात नाही. उलट तुम्ही जे लिहिलंय ते बाकीचे आईबाप मनातल्या मनात म्हणतात, एवढाच फरक. "निदान मी तर काही केलं नाही" या एका वाक्यात लस नाकारण्यामागची निम्मी कारणं आली. आपण काहीतरी केलं आणि त्यातून वाईट झालं तर ते पाप वाटतं, आपण काहीच केलं नाही आणि वाईट झालं तर ते नशीब वाटतं. मानसशास्त्रातल्या लोकांनी 1990 च्या सुमाराला याच गोष्टीवर प्रयोग केले होते, प्रश्न लशीचाच ठेवून. तेव्हा असं दिसलं की न टोचण्यातला धोका जास्त आहे हे आकड्यांत समोर मांडलं तरी बरेच जण न टोचण्याकडेच झुकतात. हिशोब कळत नाही म्हणून नव्हे हो, स्वतःचा हात त्यात नको म्हणून.

यावरून मला नेहमी बेंजामिन फ्रँकलिन आठवतो. तोच तो, पतंग आणि वीजवाला. त्याचा मुलगा 1736 मध्ये चार वर्षांचा असताना देवीच्या रोगाने गेला. तेव्हा आजची लस नव्हती, देवीच्याच फोडातला अंश मुद्दाम टोचायची पद्धत होती आणि ती चांगलीच धोक्याची होती, त्यातून काही माणसं दगावायचीसुद्धा. फ्रँकलिन त्या पद्धतीच्या बाजूचा, पण या मुलाला टोचायचं राहून गेलं. पुढे म्हातारपणी त्याने लिहून ठेवलंय की याचा पश्चात्ताप मला अजून होतो, आणि टोचून मूल गेलं तर स्वतःला कधी माफ करता येणार नाही म्हणून जे आईबाप थांबतात त्यांच्यासाठी हे सांगतोय, कारण न टोचता गेलं तरी पश्चात्ताप तेवढाच होतो. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीचा बाप, आणि बोलतोय तुमच्या पत्राबद्दलच.

आता तापाचं. सासूबाई खोटं बोलत नाहीयेत, ताप येतो. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात यांच्या लशीनंतर एक-दोन दिवस अंग गरम, मांडी सुजलेली, बाळ चिडचिडं, हे होतंच, विशेषतः जुन्या पद्धतीच्या डांग्या खोकल्याच्या लशीने जास्त. शरीर नवीन गोष्ट ओळखायला शिकतंय त्याची ती खटपट. तापाचं औषध किती द्यायचं ते वजनावर असतं, म्हणून लस देतानाच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या, रात्री दोन वाजता अंदाजाने देऊ नका. तीन तासांहून जास्त वेळ न थांबता रडत राहिली, अंग लुळं पडलं, पांढरी पडली, झटका आला किंवा ताप खूप चढला तर मात्र लगेच डॉक्टर गाठा. हे क्वचित होतं, पण होतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आणि सुई टोचताना तिला छातीशी घेऊन पाजत राहा, दुखणं खरंच कमी जाणवतं. सिस्टर नको म्हणाल्या तरी हट्ट करा.

नवरोबांना माझा निरोप द्या, की "तू ठरव" ही मोकळीक नाही, ही जबाबदारी ढकलणं आहे. दोघांनी मिळून जा, मुलीला मांडीवर त्यांना घेऊ दे. पाजायच्या वेळेपुरती तुम्ही.

प्रश्न : मी लसविरोधी नाही हे आधीच सांगतो. पण एकाच दिवशी इतक्या लशी देणं लॉजिकली पटत नाही. एवढंसं शरीर, त्यावर इतका लोड. मी एक्सेल शीट करून एकेक लस वेगळी, आणि बऱ्याचशा दोन वर्षांनंतर, असा प्लॅन बनवलाय. शिवाय लशीमुळे ऑटिझम (स्वमग्नता) होतो असं जे ऐकतो त्यात काहीतरी असल्याशिवाय एवढी चर्चा होईल का? कंपन्या तर सांगणारच की सगळं सेफ आहे.

शीट पाठवली असतीत तर बरं झालं असतं, मला आवडतात. तुमच्या शंकांना मी हसणार नाही, कारण त्यातल्या काहींना इतिहास आहे. 1955 मध्ये अमेरिकेत पोलिओच्या लशीचे काही साठे असे निघाले की त्यातला विषाणू नीट मेलेलाच नव्हता, दोनशेच्या आसपास जण अधू झाले आणि 10 दगावले. 1998 मध्ये तिथेच जुलाबाच्या विषाणूवरची, म्हणजे रोटाव्हायरसची, पहिली लस आली आणि पुढच्याच वर्षी परत घेतली, कारण साधारण दहा हजारांत एका बाळाचं आतडं आतल्या आत सरकून अडकत होतं. "लशीने कधीच काही होत नाही" असं छातीठोक सांगणाऱ्यावर मीसुद्धा विश्वास ठेवणार नाही. पण दुसरी गोष्ट कशी पकडली गेली ते बघा. लस बाजारात आल्यावरही तक्रारी नोंदवून घेणारी यंत्रणा चालू होती, त्यात मोजक्या केसेस दिसल्या आणि थांबवली. कोणीतरी मोजत होतं म्हणून कळलं.

तीच मोजणी ऑटिझमच्या बाबतीतही झाली. ती चर्चा पेटली 1998 मध्ये, अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखामुळे. त्यात मुलं किती, तर 12. पुढे बाहेर आलं की लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून तो पैसे घेत होता आणि मुलांच्या नोंदीही लेखात लिहिल्याप्रमाणे नव्हत्या. 2010 मध्ये लॅन्सेटने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं लायसन्सही गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या, 2019 मध्ये निष्कर्ष छापला, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण वेगळं दिसलं नाही. मग चर्चा का संपत नाही? कारण गोवर-गालगुंड-रुबेलाची लस साधारण एक-सव्वा वर्षाला देतात आणि मूल बोलत नाहीये, नजर देत नाहीये हे आईबापाच्या लक्षात येतं तेही त्याच्याच आगेमागे. कॅलेंडरवर दोन गोष्टी शेजारी आल्या की मन त्यांची गाठ मारतं. ज्या घरात हे घडलंय त्या आईला "योगायोग आहे" म्हणून सांगणं किती अवघड आहे ते मी अनुभवलंय, तिला ते अपमानासारखं लागतं.

लोडबद्दल. शरीराला ओळखावे लागतात ते जंतूंचे तुकडे मोजायचे, सुया नव्हे. आपल्या आईवडिलांना जी देवीची लस टोचली त्या एकट्या लशीत असे दोनशेच्या आसपास तुकडे होते, आणि जुन्या डांग्या खोकल्याच्या लशीत तर सुमारे तीन हजार. नवीन प्रकारच्या डांग्या खोकल्याच्या लशीत दोन ते पाच. सुया वाढल्या, आतला माल कमी झाला. आणि बाळ जन्मल्या क्षणापासून तोंडात, आतड्यात, कातडीवर जे जंतू घेतं त्यापुढे हे काहीच नाही.

पण तुमच्या शीटमधला जो कॉलम मला खरंच खटकला तो "दोन वर्षांनंतर". हा प्रयोग एका अख्ख्या देशाने करून बघितलाय. जपानमध्ये 1974-75 च्या हिवाळ्यात लस दिल्यानंतर दोन बाळं दगावली, सरकारने डांग्या खोकल्याची लस थांबवली, मग काही महिन्यांनी पुन्हा सुरू केली ती दोन वर्षांच्या वयापासून. तोवर लोकांचा भरवसा उडाला होता. ऐंशी टक्क्यांच्या आसपास बाळांना मिळणारी लस दहा टक्क्यांवर आली. 1974 मध्ये या खोकल्याने तिथे एकही मूल गेलं नव्हतं. 1979 मध्ये तेरा हजारांवर केसेस आणि 41 मृत्यू. लोकांची भीती खरी होती आणि जुनी लस त्रासदायक होती हेही खरं, म्हणून तर जपाननेच पुढे 1981 मध्ये कमी तापाची नवी लस आणली. पण मधल्या काळात आजार थांबून राहिला नाही.

डांग्या खोकला मोठ्या मुलाला झाला तर तो हूप् असा आवाज काढत खोकतो, घर दणाणतं. दोन महिन्यांचं बाळ तसं खोकतसुद्धा नाही. मी शिकाऊ डॉक्टर असताना एक आई बाळाला घेऊन आली, म्हणाली खोकला विशेष नाही, फक्त मधेच गप्प होतं. मी नाडी बघायला हात धरला आणि माझ्यासमोर ते गप्प झालं. श्वासच थांबला. ओठ निळे, मग कपाळ निळं. मी तळव्याला टिचक्या मारतेय, सिस्टर ऑक्सिजन घेऊन धावतेय, आणि मग अचानक एक बारीकशी उचकी आणि रंग परत. असं दिवसातून वीस वेळा, तीन आठवडे. ते बाळ वाचलं. त्या वयात सगळी वाचत नाहीत, आणि दोन वर्षांच्या मुलाला हाच आजार सहसा इतका छळत नाही, म्हणून ही लस सहा-आठ आठवड्यांना असते. वेळापत्रक तुमच्या सोयीचं वाटत नसेल पण ते आजाराच्या सोयीने बनवलंय.

प्रश्न : माझी वहिनी भाच्याला लस देऊ देत नाही. मी तिला रोज एक व्हिडिओ, आर्टिकल, गोवराने मेलेल्या मुलांचे फोटोसुद्धा पाठवले. आता ती माझा फोनच उचलत नाही, दादाही चिडलाय. अजून काय पुरावे देऊ?

काही देऊ नका. थांबा आधी. 2014 मध्ये अमेरिकेत साडेसतराशेच्या आसपास आईबापांवर हेच करून बघितलं होतं, कोणाला आकडे दिले, कोणाला आजारी मुलांचे फोटो दाखवले. ज्यांचा आधीच विरोध होता त्यांचा लस द्यायचा विचार कशानेच वाढला नाही, उलट फोटो बघितलेल्यांत लस आणि ऑटिझमचा संबंध मानणारे वाढले! भीतीवर भीती घातली की ती जवळ असेल तिथे जाऊन बसते.

मी स्वतः हे शेण खाल्लेलं आहे. एका आईला मी भर ओपीडीत, दहा माणसांसमोर सुनावलं होतं, "मुलाचा जीव घ्यायचाय का तुम्हाला?" ती उठली, बाळाचं टोपरं नीट केलं आणि गेली, परत कधीच आली नाही. नंतर तिच्या जावेकडून कळलं की तिचं पहिलं मूल जन्मल्यावर महिन्याभरात गेलं होतं आणि ते कशाने गेलं हे तिला कोणीही धड सांगितलं नव्हतं. लसीचा तिथे काहीच संबंध नव्हता. पांढऱ्या कोटावरचा तिचा विश्वास तेव्हाच गेला होता, मी उरलासुरला घालवला.

विश्वास एकदा गेला की काय होतं ते सामोआ या बेटांच्या देशात दिसलं. 2018 मध्ये तिथे गोवराच्या लशीनंतर दोन बाळं गेली. लशीत दोष नव्हता, नर्सनी पावडरीत पाण्याऐवजी चुकून स्नायू सैल करणारं औषध मिसळलं होतं. लसीकरण काही महिने बंद राहिलं, लोक घाबरले ते घाबरलेच, आणि 2019 च्या शेवटी गोवर आला त्यात 83 जण गेले, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. त्या आईबापांना अडाणी म्हणाल? त्यांनी डोळ्यांसमोर दोन मुलं गेलेली बघितली होती, गोवर त्यांनी बघितला नव्हता.

तेव्हा वहिनीला फोन करा, आधी सॉरी म्हणा, आणि मग एकच विचारा, "तुला नेमकी कशाची भीती वाटते?" आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं फार कठीण जातं, विशेषतः नणंदांना (रागावू नका, मीही कुणाची तरी नणंद आहे). कदाचित ऑटिझम वगैरे काहीच नसेल, मागच्या वेळी कोणी खेकसलं असेल, किंवा दोन तास रांगेत उभं राहून लस संपली म्हणून परत यावं लागलं असेल. नाकारणाऱ्यांत अशीही पुष्कळ असतात, ज्यांना सुट्टी मिळत नाही, केंद्र लांब आहे, मोठ्याला सांभाळायला कोणी नाही, आणि कारण म्हणून मग "आमचा विश्वास नाही" सांगतात कारण ते सांगायला बरं वाटतं. तसं असेल तर "चल, मी येते सोबत" एवढंच पुरतं.

प्रश्न : बीसीजीच्या (क्षयरोगाच्या लशीच्या) जागी महिन्याने पुळी येऊन पिकली आहे. लस बिघडली का?

नाही, तसंच होतं. फोडू नका, मलम लावू नका, कोरडं ठेवा, आपोआप सुकेल आणि वण राहील. काखेत मोठी गाठ आली तर दाखवा.

प्रश्न : बाळाला सर्दी आहे, नाक वाहतंय. डोस पुढे ढकलू का?

साध्या सर्दीला किंवा अंग जरा कोमट आहे म्हणून ढकलू नका, नाहीतर लहान बाळाची सर्दी संपायची वाट बघता बघता वर्ष जातं. जोराचा ताप असेल, खरंच आजारी दिसत असेल तर बरं होईपर्यंत थांबा. आधीच्या डोसला जोरदार ॲलर्जी आली असेल, म्हणजे तोंड सुजणं, श्वास अडकणं, किंवा प्रतिकारशक्तीचाच काही आजार असेल, तर सुई भरायच्या आधी सांगा. सिस्टरनी विचारलं नाही तरी सांगा.