दानभिशीचे पैसे मैत्रिणीच्या खात्यात राहिले, आणि मैत्रीण गेली

प्रश्न असा आहे. सांगलीच्या एका ताईंनी लिहिलंय की २०१९ च्या महापुरानंतर त्यांच्या भागातल्या छत्तीस जणींनी एक वेगळी भिशी सुरू केली. नेहमीच्या भिशीत जिचा नंबर लागतो तिला रक्कम मिळते, इथे ती कुणाच्याच घरी जात नाही. प्रत्येकीचे महिन्याला ५०० रुपये, दर तीन महिन्यांनी बैठक, गावातल्या किंवा तालुक्यातल्या तीन संस्थांची नावं पुढे येतात, चिठ्ठ्या टाकून मतदान होतं आणि जिला जास्त मतं पडतील त्या संस्थेला सगळी रक्कम जाते. पैसे एका मैत्रिणीच्या बचत खात्यात जमा व्हायचे. मागच्या वेळी सणावारांमुळे बैठक लांबली, म्हणून सहा महिन्यांचे १,०८,००० रुपये साठले. शिवाय दिवाळीत फराळाच्या स्टॉलवर स्टीलचा डबा ठेवला होता, त्यात लोकांनी टाकलेले ६,४०० रुपये. बैठक झाली, मूकबधिर मुलांच्या शाळेला पाण्याच्या टाकीसाठी रक्कम द्यायचं २१ विरुद्ध १३ मतांनी ठरलं, शाळेला फोनही गेला. आठच दिवसांत त्या मैत्रिणीला हृदयविकाराचा झटका आला आणि त्या गेल्या. खात्याचा नॉमिनी त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. तो म्हणतो, "पैसे आईच्या खात्यात आहेत, मी नॉमिनी आहे. कुणाचे किती ते मला काय माहीत?" इकडे शाळेनं गवंड्याला आगाऊ रक्कम देऊन टाकलीय. ज्यांचं मत हरलं त्यातल्या एक सभासद आपले ३,००० परत मागताहेत. ताई विचारतात: पैसे मिळतील का, आणि पोलिसांत जावं का?

ताई, आधी तुमच्या मैत्रिणीसाठी मनापासून वाईट वाटलं. सहा वर्षांहून जास्त काळ एका बाईनं छत्तीस जणींचा पैसा सांभाळला आणि एकदाही हिशेब चुकला नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुमची बाजू भक्कम आहे ती मुख्यतः त्यांच्यामुळेच, कसं ते सांगतो.

हे पैसे मुलाचे नाहीत. नॉमिनी म्हणजे मालक, हा आपल्याकडचा फार मोठा गैरसमज आहे. बँकेनं रक्कम कुणाच्या हातात द्यायची, एवढंच नामांकनानं ठरतं. बँकेतल्या ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये रामचंदर तलवार खटल्यात हे स्पष्ट सांगितलं, आणि शेअर्सबाबत २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यातही तीच भूमिका घेतली. नॉमिनीनं पैसे घ्यायचे ते खऱ्या हक्कदारासाठी. एरवी हे हक्कदार म्हणजे वारस. पण मयत व्यक्तीच्या मालकीचं जे होतं तेवढंच वारसांकडे जातं, आणि तुमची रक्कम त्यांच्या मालकीची कधीच नव्हती. ती विश्वासानं त्यांच्याकडे ठेवलेली होती.

मात्र बँकेत जाऊन भांडू नका. "आमचे पैसे आहेत, मुलाला देऊ नका" असं पत्र तुम्ही लिहून दिलंत तरी उपयोग नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ झेडबीप्रमाणे खातेदाराशिवाय दुसऱ्या कुणाचा दावा बँकेनं विचारातच घ्यायचा नसतो. तिला थांबवू शकतो तो न्यायालयाचा हुकूम. शाखा व्यवस्थापक तुमच्या ओळखीचे असले तरी त्यांना या पेचात टाकू नका.

आता पुरावा. तुम्ही लिहिलंय की मैत्रीण कापडी बांधणीच्या लाल वहीत दर महिन्याचं पान करायची. छत्तीस नावं, पुढे रक्कम, तारीख आणि तिची सही, आणि त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. शेवटच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलंय: "शाळेला द्यायचे १,०८,०००. डब्यातले ६,४०० वेगळे." ताई, तुमच्याकडे याहून मोठा कागद नाही. हयात नसलेल्या व्यक्तीनं स्वतःच्या आर्थिक हिताविरुद्ध करून ठेवलेली नोंद पुराव्यात घेता येते. आपल्या खात्यातले पैसे आपले नाहीत असं कुणी उगाच लिहून ठेवत नाही, हा त्यामागचा विचार. मूळ वही मुलाच्या घरात आहे, तुमच्याकडे फोटो आहेत. ते फोटो ज्या फोनमध्ये आले तो फोन विकू नका, बदलू नका. ग्रुप डिलीट करू नका, कुणी "ग्रुप सोडते" म्हणत असेल तर थांबवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदींबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून घेतील. ज्यांनी यूपीआयनं पैसे पाठवले त्या सगळ्यांनी आपापल्या बँकेचा सहा महिन्यांचा उतारा काढून ठेवावा. ज्यांनी रोख दिले त्यांच्यासाठी वहीतली सही आहेच. मतदानाच्या चिठ्ठ्या कुणी पिशवीत ठेवल्या असतील तर त्याही टाकू नका.

एका सापळ्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे भलेभले अडकतात. तुम्ही पत्रात दोनदा "आमची संस्था" असा शब्द वापरलाय. तो कुठल्याही नोटिशीत, अर्जात येऊ देऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम १८ प्रमाणे सार्वजनिक न्यास (म्हणजे ट्रस्ट) तयार झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. आणि कलम ३१ सांगतं की नोंदणी नसलेल्या सार्वजनिक न्यासाच्या वतीनं हक्क बजावण्यासाठी केलेला दावा कुठलंही न्यायालय ऐकणार नाही. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे कलम काढेल. माझ्या मते तुमचा गट न्यास नाही. न्यासपत्र नाही, कायमचा निधी नाही, गोळा झालेलं दर तिमाहीला वाटून संपतं. एका ठरलेल्या कामासाठी छत्तीस जणींनी आपापले पैसे एका मैत्रिणीकडे सोपवले, आणि ते काम होण्याआधी ती गेली, एवढंच हे आहे. म्हणून मागणी करायची ती प्रत्येकीनं स्वतःच्या ३,००० रुपयांची, स्वतःच्या नावानं. सगळ्या एकत्र वादी होऊ शकतात. गटाच्या नावानं मात्र काहीही मागायचं नाही.

पोलिसांत जावं का? माझा सल्ला, नको. विश्वासघाताच्या गुन्ह्यात, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये, पैसे ज्याच्यावर सोपवले त्यानं ते लुबाडलेले असावे लागतात. तुम्ही मुलावर काहीच सोपवलेलं नव्हतं. त्यानं उद्या सगळं कळूनही पैसे खर्च केले तर वेगळी कलमं लागू शकतील, पण आज त्यानं काढलेत असंही तुम्ही लिहिलेलं नाही. आई जाऊन महिना झालेल्या पोराच्या दारात हवालदार पाठवलात, तर उद्या तो वही सापडत नाही म्हणेल. मग पुढची काही वर्षं तुम्ही फोटो सिद्ध करत बसाल.

बोलणं फिसकटलंच तर थेट दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते जिल्हा न्यायालयातच बसतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे अजूनही फार बायकांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. तिथे वादपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा, अर्ज करता येतो, लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि कोर्ट फी लागत नाही. तेही जमलं नाही तर दिवाणी दावा. मुदत तीन वर्षांची धरून चाला, पण तेवढं थांबू नका.

३,००० परत मागणाऱ्या सभासदांचं काय? त्यांची नाराजी समजते. त्यांनी सुचवलेली संस्थाही चांगलीच असणार. पण मतानं जे ठरेल ते सगळ्यांचं, असं वचन छत्तीस जणींनी एकमेकींना दिलं आणि इतकी वर्षं पाळलं. निकाल लागल्यावर त्यातून मागे येता येणार नाही. शिवाय तुमच्या शब्दावर शाळेनं गवंड्याला पैसे दिलेत. १८८६ चा केदारनाथ भट्टाचार्जी खटला याच धर्तीचा आहे. हावड्याच्या टाउन हॉलसाठी एकानं १०० रुपये वर्गणी कबूल केली, त्या भरवशावर समितीनं कंत्राटदाराला काम दिलं, आणि नंतर हा गृहस्थ नाही म्हणाला. कलकत्ता उच्च न्यायालयानं पैसे द्यायला लावले. त्या बाईंना हे धमकी म्हणून ऐकवू नका, शांतपणे समजावून सांगा. पुढच्या महिन्यापासून गट सोडायला त्या मोकळ्या आहेत. मुलाकडे करायच्या मागणीवर त्यांनी सही केली नाही तर पस्तीस जणींच्या सह्या पुरतील.

डब्यातल्या ६,४०० बद्दल स्पष्ट बोलतो. ते तुमच्यापैकी कुणाचेच नाहीत, लोकांचे आहेत. आपसात वर्गणी काढणं वेगळं आणि लोकांसमोर डबा ठेवणं वेगळं. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर वर सांगितलेल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी काढतात तीच. ती न घेता गोळा केलं तर शिक्षेची तरतूद आहे. तुमचा हेतू निर्मळ होता यात शंका नाही, पण पुढच्या दिवाळीला परवानगीशिवाय डबा नको. आत्ताची रक्कम ज्या कामासाठी सांगून गोळा केली त्याच कामाला गेली पाहिजे, आणि त्याची पावती जपून ठेवा.

तुम्ही शेवटी सहज विचारलंय की एकीची मुलगी अमेरिकेत आहे, तिलाही सभासद व्हायचंय. तिच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर तिचे स्वतःच्या बचतीतले, रीतसर बँकेतून आलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. पण तिनं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असूनही ती कायद्यानं परदेशी स्रोत आहे. मग परदेशी देणगी नियमन कायदा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेऊन पुढे दुसऱ्या कुणाला देता येत नाही. तुमचं तर सगळं कामच पुढे देण्याचं. तिनं त्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच थेट द्यावं. आईच्या खात्यातून फिरवून आणायचं कुणी सुचवलं तरी ऐकू नका.

आणि यापुढे एकीच्या खात्यात पैसे ठेवणं बंद करा. नोंदणी करा असं मी म्हणणार नाही. महिन्याला १८,००० रुपयांच्या गटाला न्यासाची नोंदणी, लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज, हे ओझं झेपणार नाही, आणि तुमचा जीव त्यातच जाईल. मत एकत्र द्या, पैसे मात्र ज्याचे त्यानं थेट पाठवा. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या जॅक्सन गावात २००६ मध्ये कॅरेन डनिगन नावाच्या बाईंनी असाच गट काढला. शंभर बायका, प्रत्येकीचे शंभर डॉलर, मतदान झालं की प्रत्येकीनं निवडलेल्या संस्थेच्याच नावानं चेक लिहायचा. मध्ये ना खातं, ना खजिनदार. तुमच्याकडे तर यूपीआय आहे. बैठक संपायच्या आत छत्तीस जणी तिथल्या तिथे शाळेच्या खात्यात १,५०० रुपये टाकू शकतील. प्रत्येकीला स्वतःच्या नावाची पावती मिळेल आणि संस्थेकडे देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता (८०जी) असेल तर जुन्या पद्धतीनं कर भरणाऱ्यांना सवलतही. आत्तापर्यंत सगळ्या पावत्या एकीच्याच नावानं येत होत्या, ते बरोबर नव्हतं. रोख देणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर ती सवलत मिळत नाही.

हे सगळं सांगितलं ते तुमचा पाय कुठे घट्ट आहे हे तुम्हाला कळावं म्हणून. करायचं मात्र आधी एवढंच: मुलगा सांगलीला आला की दोघी जणी त्याच्या घरी जा, त्याच्या आईच्या जवळच्या असतील अशा दोघी. त्याची भीती खोटी नाही हे ध्यानात ठेवा. वर्षाला दोन लाखांच्या वर रक्कम त्या खात्यात येत होती. उद्या आयकर खात्यानं विचारलं तर वारस म्हणून उत्तर त्याला द्यायचंय, आणि आज तुम्हाला पैसे दिले तर उद्या सदतिसावी कुणी येणार नाही याची त्याला खात्री नाही. म्हणून सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र सोबत न्या: हे पैसे आमचे होते, त्याच्या आईचं उत्पन्न नव्हतं, ते शाळेला गेल्यावर आमचं काही मागणं राहणार नाही, आणि दुसरं कुणी मागायला आलं तर आम्ही निस्तरू. पैसे तुमच्या हातात मागू नका. त्यानंच खात्यातून थेट शाळेला पाठवावेत आणि शाळेनं पावतीवर तसा उल्लेख करावा. तिथे कायद्याची कलमं काढू नका. वही घरात कुठे आहे तेवढं विचारा, आणि ती तुमच्या हातात न घेता शेवटचं पान त्यालाच वाचायला सांगा. ते अक्षर त्याच्या आईचं आहे.