ब्रिटिश सिनेमा बघायला सुरुवात करतोयस तर इथून कर

अरे, ऑस्करची लिस्ट घेऊन बसू नकोस. आधी दिग्दर्शक माईक लीचा १९९६ चा 'सीक्रेट्स अँड लाइज' लाव आणि ब्रेंडा ब्लेथिनला बघ. कॅफेतला सीन आला की मोबाईल बाजूला ठेव. ती आणि मारियान जाँ-बाप्टिस्ट शेजारी शेजारी बसल्यात, कॅमेरा जागचा हलत नाही, कित्येक मिनिटं एकही कट नाही, आणि ब्रेंडा आधी ठामपणे म्हणते की मी तुझी आई असूच शकत नाही, मग बोलता बोलता मधेच थांबते, काहीतरी आठवतं आणि चेहरा असा कोसळतो की बघवत नाही. लीकडे तयार स्क्रिप्ट नसते, महिनोन्महिने तालमी करून कॅरेक्टर उभं करतात, ते इथे दिसतं. कान फिल्म फेस्टिव्हलला बेस्ट अ‍ॅक्ट्रेस मिळालं तिला, अगदी योग्यच.

मग 'द रिमेन्स ऑफ द डे' (१९९३). एमा थॉम्पसन अँथनी हॉपकिन्सच्या मुठीतलं पुस्तक एकेक बोट सोडवत काढून घेते, बस्स एवढंच, पण माझ्या मते त्या दशकातला सगळ्यात भारी प्रेमाचा सीन तोच.

कॅथी बर्कने काम केलेला 'निल बाय माउथ' (१९९७) मात्र घाईत बघू नको, घरातली मारहाण फार अंगावर येते.

आणि सबटायटल्स लावच, लंडनची बोली पहिल्यांदा डोक्यावरून जाते.