लढायला नकार देणाऱ्या सैनिकाचं चित्र काढायचं म्हणजे नेमकं काय काढायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: युद्धाला नाही म्हणणाऱ्या सैनिकांची पोर्ट्रेट कुणी रंगवतं का, आणि पळून आलेल्याचं चित्र काढायचं तरी कशाला?

रंगवतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात रॉबर्ट शेटर्ली नावाचे चित्रकार आहेत. इराकवर हल्ल्याची तयारी सुरू होती त्या काळात संतापून त्यांनी 'खरं बोलणारे अमेरिकन' या अर्थाची मालिका हाती घेतली. 50 चित्रांवर थांबायचं ठरलं होतं, गाडी 200 च्या पुढे गेली. ते चित्रं विकत नाहीत, शाळा-कॉलेजांतून फिरवतात.

त्यात एक कामिलो मेहिया आहे. मूळचा निकाराग्वाचा, अमेरिकी सैन्यात स्टाफ सार्जंट. 2003 मध्ये इराकला गेला, ऑक्टोबरात दोन आठवड्यांच्या सुट्टीवर घरी आला तो परत गेलाच नाही. काही महिने लपून होता, हे खरं. पण मार्च 2004 मध्ये आपणहून हजर झाला. मे महिन्यात कोर्ट मार्शल, एक वर्ष कैदेची शिक्षा. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने त्याला सदसद्विवेकासाठी तुरुंगात गेलेला कैदी मानलं. 'पळपुटा' म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या.

आता चित्राचं. मी सातारच्या बाजूला फौजींची पोर्ट्रेट करतो. चेहऱ्यापेक्षा छातीवरच्या पदकांच्या रिबनी रंगवायला जास्त वेळ जातो, आणि घरचे लोकही आधी त्याच मोजतात. एक पट्टी चुकली तर चित्र परत येतं. मग 'नाही' म्हटल्याची रिबन आणायची कुठून? हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिल्याबद्दल 1943 मध्ये ज्याचा शिरच्छेद झाला, त्या फ्रान्झ येगरश्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याला कॅथलिक चर्चने 2007 मध्ये 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. त्याच्या डोक्यामागे वलय काढता येतं, चित्रकार सुटला. मेहियाला ती सोय नाही.

शेटर्लींची तोड अशी: लाकडी फळी, मागे साधा रंग, बाकी कसला देखावा नाही. आणि त्या माणसाचंच म्हणणं रंगाच्या थरात खरवडून कोरलेलं. चित्रात अक्षरं आली की मला एरवी ते पोस्टर वाटतं. इथे नाही वाटलं, कारण ही अक्षरं रंगवलेली नाहीत, रंग काढून उमटवलेली आहेत. मेहियाचं चित्र मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, मोठ्या फोटोवरून सांगतोय.

हाच फोटो मी एकदा पोर्ट्रेटसाठी आलेल्या निवृत्त सुभेदारांना मोबाइलवर दाखवला. बराच वेळ बघत बसले.

"रँक काय याची?"

सांगितली.

"म्हणजे हाताखाली पोरं असणार."

होती, म्हटलं.

"ती तिथंच राहिली की मग," म्हणाले, आणि मोबाइल माझ्या हातात दिला.