दिवस गेलेत? मग औषधांची ट्रॉली जपून

अगं, वॉर्डात नर्स आहेस ना, टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच इन्चार्ज सिस्टरला सांग. तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला न सांगायची रीत घरी पाळ, वॉर्डात नको. बाळाचे अवयव त्याच आठवड्यांत घडतात. केमो (कॅन्सरचं औषध) सिरिंजमध्ये भरणं आणि सांडलेलं केमो पुसणं, ही दोन कामं लेखी अर्ज देऊन बदलून घे.

पण खरा घोळ साध्या मेडिसिन वॉर्डात होतो. रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) द्यायला गोळ्या खलबत्त्यात कुटतात. त्यात मेथोट्रेक्सेट (कॅन्सर, संधिवातावरचं) किंवा फिनास्टेराइड (प्रोस्टेटवरचं) असलं, तर पोटातल्या बाळाला घातक भुकटी थेट नाकात. फिनास्टेराइडची अख्खी गोळी कोटिंगमुळे हाताळता येते, फुटलेली मुळीच नाही. सर्जिकल मास्कच्या भरवशावर राहू नकोस, गालाच्या फटीतून भुकटी आत शिरते. गॅन्सिक्लोव्हिर या व्हायरसवरच्या औषधाची व्हायलही (इंजेक्शनची बाटली) दुसरीला भरू दे.

केमो झालेल्या पेशंटचं बेडपॅन, युरोबॅग (लघवीची पिशवी) किमान 48 तास औषधच समज. ते काम टळलंच नाही, तर गाऊन आणि ग्लोव्ह्जचे दोन जोड. मुंबईच्या उकाड्यात हात घामाने चिकचिकतात म्हणून एकाच जोडावर भागवतात, तसं करू नकोस. नंतर साबण-पाण्यानेच हात धू. सॅनिटायझरने औषध जात नाही, नुसतं पसरतं.