पहिल्या वर्षी रिकार्डोच बरा

अरे, नॅशनल इकॉनॉमिक्स चॅलेंजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या अर्थशास्त्र स्पर्धेत, पहिल्यांदाच उतरतोयस ना? मग नवख्यांच्या डेव्हिड रिकार्डो गटातच नाव दे. अ‍ॅडम स्मिथ गट एपी, आयबी असे वरच्या पातळीचे कोर्स केलेल्या मुलांचा. तिथे उगाच मिरवायला जाऊ नकोस. सूक्ष्म अर्थशास्त्र सगळेच घोटतात, मार खातात ते आंतरराष्ट्रीय व्यापारात. तुलनात्मक लाभाची गणितं हाताने सोडव. कापडाचा एक तागा विणताना प्रत्येक देशाला किती धान्य सोडावं लागतं, ते आधी काढ. ज्याचं कमी सुटतं त्यानं कापड विणावं. दोन्ही वस्तू जास्त बनवणाऱ्या देशालाही एक बाहेरून घेणंच परवडतं. (मी इथेच फसलो होतो.) फेडच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या) व्याजदराच्या बातम्या वाचत जा. आणि बझरला प्रश्न कळल्याशिवाय हात लावू नकोस, बाबा.