लिंबाच्या घट्ट रसाला कोड कोणता?

प्रश्न: आमच्या गटाने कागदी लिंबाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट केलंय, ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं माप) ४० येतंय. एजंट म्हणतो सरबताचा एचएस कोड (आयात-निर्यातीत मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाका. बरोबर का? – एक वाचक, बीड

उत्तर: नाही भाऊ, सरबताचा २२०२ बिलकुल टाकू नका. निव्वळ रस, पाणी उडवून घट्ट केला तरी २००९ मध्येच राहतो, आणि संत्रं-ग्रेपफ्रूट सोडून एकाच लिंबूवर्गीय फळाचा असला की ब्रिक्स २० पर्यंत २००९३१, त्यापुढं २००९३९, म्हणजे तुमचा २००९३९. रीडिंग २० अंश सेल्सिअसचं धरतात, मे महिन्यात तापलेल्या शेडमधलं तसंच लिहू नका, दुरुस्त करून घ्या. मोसंबीचा रस मिसळला तर मात्र मिश्रण, २००९९०. गोठवलेलं का साधं, हा फरक संत्र्याच्या रसालाच आहे. लॅब रिपोर्ट इनव्हॉइसला जोडाच.